ग्रेनेडीन्सच्या बेटांवर मुक्काम कुठे करावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझ नको, मनगटाला पट्टा बांधून सगळं फुकट देणारं रिसॉर्ट नको, पण दोन-तीन बेटं बघायची आहेत आणि संध्याकाळी शांत बसायचं आहे, असं म्हणणाऱ्या मंडळींसाठी हे पान आहे. कॅरिबियन अवाढव्य आहे. इथली उत्तरं फक्त सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा यांच्यामध्ये पसरलेल्या ग्रेनेडीन्स बेटांपुरती आहेत.

ग्रेनेडीन्सच का? जमैका किंवा बहामा का नाही?

तिथेही शांत कोपरे आहेत, पण ते शोधावे लागतात, आणि एका देशातून दुसऱ्यात जायला बहुतेक वेळा विमानच लागतं. ग्रेनेडीन्समध्ये साधारण शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात बेटांची रांग आहे. पडवीत उभं राहिलं की पुढचं बेट दिसतं आणि तिथे बोटीने जाता येतं. सेंट व्हिन्सेंट धरून ‘सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडीन्स’ या देशात तीसेक बेटं आहेत, वस्ती मात्र नऊवरच आहे.

नकाशा बघताना एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. ही रांग दोन देशांत वाटलेली आहे. बेक्वे, मुस्टीक, कॅनवान, मायरो, युनियन ही सेंट व्हिन्सेंटची. त्याच्या दक्षिणेची कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक ग्रेनेडाची. युनियन आणि कॅरियाकू समोरासमोर आहेत, तरी मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आहे. मुक्कामाचं सगळं गणित इथे बदलतं, त्याबद्दल पुढे.

दहा-बारा दिवस आहेत. किती बेटांवर राहावं?

दोन. फार तर तीन, आणि त्यातलं तिसरं म्हणजे विमानाच्या वेळेमुळे नाइलाजाने काढलेली एक रात्र.

पाच बेटांवर दोन-दोन रात्री असा बेत कागदावर झकास दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक बदलात एक अख्खा दिवस जातो. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, बोट तिच्या वेळेला येणार, पुढची खोली दुपारी तीनशिवाय मिळणार नाही. मधला वेळ धक्क्यावर सामान राखत बसायचं. त्यापेक्षा एका बेटावर घर करावं आणि बाकीची बेटं दिवसभराच्या बोटीने बघून रात्री आपल्याच पलंगावर यावं.

मग ती दोन बेटं कोणती?

पहिल्यांदा जात असाल तर बेक्वे, आणि दक्षिणेकडचं एक: मायरो, युनियन किंवा कॅरियाकू. बेक्वेवर दुकानं, बँक, दवाखाना, जेवायला बरीच ठिकाणं आणि रोजची फेरी आहे. दक्षिणेकडे टोबॅगो केज या निर्जन बेटुकल्यांभोवतीचं हिरवं-निळं पाणी आहे. क्रमही हाच ठेवा. आधी बेक्वेवर अंग सैल होऊ द्या, मग खाली सरका.

एक नियम मात्र पाळाच: आधी बोट, मग खोली. बेक्वेची फेरी रोज आहे, पण दक्षिणेकडच्या बेटांची बोट रोज नसते. आठवड्यातले ठरावीक वार असतात आणि ते बदलतात. बोटीचा वार पक्का झाल्याशिवाय पैसे परत न मिळणारी खोली घेऊ नका. तारीख एका दिवसाने चुकली तर खासगी बोट ठरवावी लागते, आणि तिचं भाडं ऐकून खोलीत केलेली सगळी काटकसर वाहून जाते.

बेक्वेवर नेमकं कुठे राहायचं?

बेट जेमतेम अठरा चौरस किलोमीटर आणि वस्ती पाचेक हजार, तरी जागेनुसार सुट्टी पार बदलते.

पोर्ट एलिझाबेथ हे गाव. सेंट व्हिन्सेंटवरच्या किंग्सटाउन या राजधानीहून तासाभरात फेरी इथे लागते. तिचं तोंड उघडतं आणि पोत्यांतले कांदे, गॅस सिलिंडर, सिमेंट, शाळेची पोरं आणि तुम्ही असे सगळे एकदमच खाली उतरता. समोर टॅक्स्या उभ्या असतात. टॅक्सी म्हणजे मागे बाकं टाकून वर छत केलेली पिकअप गाडी. गाडी न घेता राहायचं असेल तर या गावात किंवा त्याला लागून असलेल्या बेलमाँटमध्ये राहा. बेलमाँटची पायवाट पाण्याच्या अगदी कडेने जाते. एका हाताला खानावळी आणि छोटी हॉटेलं, दुसऱ्या हाताला ॲडमिरल्टी बे आणि नांगरलेल्या शेकडो शिडाच्या बोटी. लाटा मोठ्या असल्या की पाणी वाटेवर येतं आणि चपला हातात घेऊनच चालावं लागतं. वाट पुढे टेकाड चढून प्रिन्सेस मार्गारेट बीचवर उतरते. माझी पसंती याच पट्ट्याला. रात्री जेवून चालत घरी येता येतं, आणि बेटावरची खरी चैन तीच.

लोअर बे त्याच्या पलीकडे. वाळू छान, पोहायला उत्तम, वर्दळ कमी. रविवारी मात्र स्थानिक कुटुंबं डबे घेऊन येतात आणि गाणी लागतात. मला त्यात काही वाईट वाटत नाही. तुम्हाला वाटणार असेल तर रविवार दुसरीकडे काढा.

फ्रेंडशिप बे दक्षिणेला. लांबलचक अर्धगोल किनारा, माणसं तुरळक, जेवणाचे पर्याय तुरळक. टॅक्सी किंवा भाड्याची जीप लागेलच. जवळच्या पॅजेट फार्मला कोळ्यांची वस्ती आहे, आणि बेक्वेचे लोक आजही होडीतून हाताने भाला मारून देवमाशाची शिकार करतात. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग (देवमाशांची शिकार) आयोगाने परंपरा म्हणून त्यांना वर्षाला जास्तीत जास्त चार हंपबॅक देवमाशांची परवानगी दिली आहे. कुणाला हे ऐकून धक्का बसतो; जाण्याआधी माहीत असलेलं बरं.

स्प्रिंग आणि इंडस्ट्री बे पूर्वेला. नारळाच्या जुन्या बागा, वारा, निवांतपणा. दिवसभर पुस्तक वाचणाऱ्याने इथे राहावं, दिवसातून तीनदा पोहणाऱ्याने नाही.

"वाऱ्याकडची बाजू" आणि "आडोशाची बाजू" याने खरंच फरक पडतो?

खोलीच्या फोटोंपेक्षा जास्त. इथे वर्षभर वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. त्यामुळे प्रत्येक बेटाची पूर्व बाजू अटलांटिकच्या तोंडावर असते: लाटा, गार हवा, डास कमी. काही महिन्यांत तिकडे सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगाने लागतं आणि कुजलं की वास मारतं. पश्चिम बाजू आडोशाची. पाणी संथ, सूर्यास्त समोर, पण वारा पडला की उकडतं आणि संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या पाय फोडून काढतात.

पूर्वेच्या टेकडीवरच्या घरात एसी नसला तरी चालतं. झडपांच्या खिडक्या आणि पंखा पुरतो. पश्चिमेला खाली, किनाऱ्याला चिकटून खोली घेत असाल तर एसी किंवा निदान मच्छरदाणी आहे का ते विचारा. डेंग्यू इकडेही आहे. हिवाळ्यात कधीकधी उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात, तेव्हा एरवी शांत असणारे पश्चिम किनारेही दोन-चार दिवस खवळतात. त्यावर इलाज नाही.

मायरो फार लहान आहे ना? तिथे कंटाळा येणार नाही?

येईल, जर तुम्हाला रोज नवं काहीतरी लागत असेल तर. बेट दीड चौरस किलोमीटरसुद्धा नाही, माणसं तीनेकशे, विमानतळ नाही. एक सिमेंटचा रस्ता धक्क्यावरून इतका उभा चढतो की पोटऱ्या बोलू लागतात. वर गाव, आणि गावाच्या माथ्यावर दगडी कॅथलिक चर्च. चर्चच्या मागे जाऊन उभं राहिलं की टोबॅगो केज अख्खे पायाखाली उलगडतात: गडद निळ्यात मधेच फिका हिरवा, खडकाच्या कडेने पांढरी फेसाची रेघ.

उत्तरेला सॉल्टव्हिसल बे आहे. नारळ, पांढरी वाळू, आणि इतकी चिंचोळी जमीन की एका बाजूला शांत पाणी आणि चार पावलांवर दुसऱ्या बाजूला खवळलेला अटलांटिक. दुपारी दिवसभराच्या सहलीच्या बोटी येतात, चारला निघून जातात, आणि मग बेट राहिलेल्यांचं. याच चार ते अंधार पडेपर्यंतच्या वेळेसाठी इथे रात्र काढायची. तीन रात्री पुरे. राहायच्या जागा मोजक्या आहेत, बँक नाही, आणि वाणसामानाच्या दुकानात बोट येईल तसा माल असतो.

बेरिल वादळानंतर दक्षिणेकडची बेटं राहण्याजोगी आहेत का?

१ जुलै २०२४ ला बेरिल चौथ्या श्रेणीचं चक्रीवादळ म्हणून कॅरियाकूवर आदळलं. कॅरियाकू, पेटिट मार्टिनिक, युनियन, मायरो यांची दैना झाली. युनियनवर तर दहातली नऊ घरं मोडली किंवा छप्पर उडून गेली. बेक्वे त्या मानाने वाचलं.

त्यानंतर लोक जिद्दीने उभे राहिले आहेत, पण प्रत्येक जागा सारखीच सावरलेली नाही. म्हणून या बेटांवर खोली घेताना जुलै २०२४ च्या आधीचे फोटो आणि अभिप्राय बाजूला ठेवा. मालकाला सरळ विचारा: छप्पर नवं झालं का, वीज-पाणी नियमित आहे का, शेजारी बांधकाम चालू आहे का. हातोड्याचा आवाज सकाळी सातला सुरू होतो. तुमचा पैसा गावातल्या छोट्या गेस्टहाउसात गेला तर तो पत्र्याला आणि सिमेंटला लागतो, हेही आहेच.

युनियन डोंगराळ, क्लिफ्टन हे गजबजतं बंदर, पतंगाच्या दोरीवर पाण्यात धावणाऱ्या काइटसर्फर मंडळींचं आवडतं. कॅरियाकू त्याहून मोठं आणि सुस्त; हिल्सबरो गाव, पॅराडाइज बीच, टिरेल बे. तिथल्या विंडवर्ड गावात किनाऱ्यावरच लाकडी बोटी बांधतात, आणि ही कला २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. कॅरियाकूला ग्रेनेडाच्या सेंट जॉर्जेसहून फेरीने जाणं सोपं.

युनियनवरून कॅरियाकूला जाता येतं?

येतं, बोटीने फार वेळही लागत नाही, पण हा परदेशप्रवास आहे. क्लिफ्टनला पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का, पलीकडे आत आल्याचा शिक्का. बोटवाल्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवा आणि शनिवार-रविवार टाळा. कचेरी उघडी आहे का हा प्रश्न नको. परतीचं विमान दुसऱ्या देशातून असेल तर ही सीमा ओलांडणं फायद्याचं. एका टोकाला उतरायचं, दुसऱ्या टोकावरून उडायचं, म्हणजे मागे यावं लागत नाही.

टोबॅगो केजमध्येच राहायचं असेल तर?

जमिनीवर नाही. ती पाच निर्जन बेटुकली आणि त्यांच्याभोवतीचा प्रवाळाचा कडा मिळून सागरी उद्यान आहे. हॉटेल, घर काही नाही. राहायचं तर नांगरलेल्या बोटीवर. चार-सहा जण मिळून कॅटामरान, म्हणजे जोड सांगाड्याची बोट, ती चालवणाऱ्या स्किपरसकट घेतली तर माणशी खर्च चांगल्या हॉटेलाच्या आसपास येऊ शकतो. पहाटे त्यातल्या बाराडाल या बेटुकल्याजवळ गवत खाणारी कासवं तुमच्याखालून जातात, आणि तेव्हा दुसरं कुणी नसतं. मात्र बोट रात्रभर हलते. माणसागणिक एकच बादलीभर गोडं पाणी आहे असं समजून आंघोळ उरकायची असते. घरात बोट लागणारं कुणी असेल तर मायरो किंवा युनियनला राहून दिवसाची सहल करा.

मुस्टीक आणि ती खासगी बेटं?

मुस्टीक श्रीमंतांचं. दिवसभरासाठी बोटीने जाऊन येता येतं. पेटिट सेंट व्हिन्सेंट हे एका रिसॉर्टचंच बेट; खोलीत टीव्ही नाही, फोन नाही, काही हवं असेल तर काठीवर पिवळा झेंडा चढवायचा आणि कुणी नको असेल तर लाल. खिसा परवानगी देत असेल तर जा. कॅनवानवर मोठ्या रिसॉर्टांचा पैसा आहे; शांतता आहे, पण बेटाशी गाठ कमी पडते.

सेंट व्हिन्सेंटवर रात्र काढावीच लागते का?

विमान दुपारपर्यंत उतरत असेल तर नाही. अर्गाइल विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला. तिथून किंग्सटाउनच्या धक्क्यावर गाडीने अर्धा-पाऊण तास. विमान संध्याकाळी असेल तर शेवटची फेरी गाठायची धावपळ करू नका. एक रात्र राहा आणि सकाळी किंग्सटाउनची वनस्पती बाग बघा. १७६५ सालची आहे, आणि १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने पॅसिफिकमधून आणलेली ब्रेडफ्रूटची रोपं इथेच उतरली. ब्रेडफ्रूट म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस. बेटावर तो निखाऱ्यावर भाजून खातात, आणि काप तळूनही. पोट बिघडलं की आजी द्यायची त्या अरारूटचाही हा जुना मुलूख.

आम्ही शाकाहारी आहोत. हॉटेल घ्यावं की स्वयंपाकघर असलेलं घर?

घर. डोळे मिटून.

खानावळीत मासे, कोंबडी, शंखातली लाम्बी. शाकाहारी ताट मागितलं तर भात, राजमा आणि तळलेली केळी मिळतात. चौथ्या दिवशी नकोसं होतं. पण बाजार आपल्या ओळखीचा आहे. नीरफणस, भोपळा, रताळी, कच्ची केळी, आंबे, अंबाडे, चिकू. मोसमात हिरवे तुरीचे दाणे मिळतात, मसूर आणि वाटाण्याची डाळ दुकानात असते. कलालू सूप बहुधा अळूच्या पानांचं असतं. मात्र त्यात खारवलेलं मांस किंवा खेकडा टाकतात, तेव्हा आधी विचारा. रोटी सगळीकडे मिळते, आत करी; बटाट्याची मागून घ्या. ही इकडच्या भारतीय वंशाच्या लोकांची देणगी. १८५७ पासून ग्रेनेडात आणि १८६१ पासून सेंट व्हिन्सेंटमध्ये उसाच्या मळ्यांवर करारावर आणलेले मजूर ते. मसाला आणि छोटा कुकर सोबत असला की झालं. घरात गॅस आहे की नुसता मायक्रोवेव्ह, हे मात्र विचारून घ्या.

आई-वडील सत्तरीचे आहेत. कुठे ठेवावं?

बेक्वे, आणि सपाटीवर. "अप्रतिम देखावा" असं जाहिरातीत लिहिलं असेल तर पायऱ्या आहेतच असं समजा. किती, ते आकड्यात विचारा. मायरो त्यांच्यासाठी नाही. सेंट व्हिन्सेंट आणि बेक्वे यांच्यामधल्या समुद्रात फेरी चांगली उसळते, तेव्हा अ‍ॅव्होमिन चढण्याआधीच. प्रवास विम्यात दुसऱ्या देशात उपचारासाठी हलवण्याचा खर्च धरलेला असावा. बेटांवरचे दवाखाने छोटे आहेत.

आमच्या सुट्ट्या मे महिन्यात किंवा दिवाळीत असतात. चालेल?

मे चांगला. गर्दी ओसरलेली, दर उतरलेले, समुद्र बरा. फक्त पाणी जपून वापरावं लागतं. या छोट्या बेटांवर नद्या नाहीत. छपरावरचं पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत साठवतात आणि जानेवारी ते मे कोरडे असतात. टाकी संपली तर टँकर मागवायचा कुणी, याचं उत्तर आधीच घ्या.

दिवाळी जरा अवघड. वादळांचा मोसम जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, आणि बरीच हॉटेलं ऑगस्ट ते ऑक्टोबर बंदच ठेवतात. दिवाळी नोव्हेंबरमध्ये आली तर जमून जातं. नाताळ सर्वांत महाग. ईस्टरला बेक्वेत शिडाच्या बोटींच्या शर्यती असतात. तेव्हा खोल्या कित्येक महिने आधी भरतात आणि शांतता शोधायची ती वेळ नव्हे.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी दोन्ही देशांना आगाऊ व्हिसा लागत नाही. अडचण वाटेतली आहे. मायामी किंवा न्यूयॉर्कहून जायचं तर अमेरिकेचा व्हिसा हवाच, नुसतं विमान बदलायचं असलं तरी. टोरँटो, लंडनचेही ट्रान्झिटचे नियम आहेत. तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या पानावर ताजा नियम बघा. उतरल्यावर परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता विचारतात. घरमालकाचं नाव आणि फोन कागदावर लिहून ठेवा, विमानतळावर नेट चालेलच असं नाही.

पैसे, प्लग, बाकी किरकोळ?

ईस्ट कॅरिबियन डॉलर चालतो आणि एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर बांधलेला आहे. दर सांगितला की "कुठला डॉलर?" हे विचारायचंच. खोलीच्या भावावर कर आणि साधारण दहा टक्के सर्व्हिस चार्ज वर लागतो का, तेही. वीज २३० व्होल्ट, म्हणजे आपली उपकरणं चालतात. प्लग बहुधा इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा. लष्करी छापाचे, हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे नेऊ नका. दोन्ही देशांत सामान्य माणसाने ते घालणं गुन्हा आहे, लहान मुलांच्या चड्डीलाही सूट नाही.

किनाऱ्यावर खोडाला लाल पट्टा रंगवलेलं झाड दिसलं तर त्याच्या सावलीत सतरंजी टाकू नका. ते मँचिनील. हिरव्या सफरचंदासारखं फळ विषारी, चीक कातडी भाजतो, आणि पावसात त्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. पट्टा सगळ्याच झाडांना नसतो, म्हणून पहिल्याच दिवशी घरमालकाकडून आसपासची झाडं दाखवून घ्या.